गच्चीगाडीचं मूळ

सोमवार, ३

बावीस वर्षं मी शब्दकोशाच्या कचेरीत इतरांनी गोळा केलेले शब्द सुवाच्य अक्षरात कार्डांवर उतरवतो आहे. आज संपादकसाहेबांनी पहिल्यांदाच एक अख्खा शब्द माझ्या हवाली केला. अर्थ, वापर, मूळ, सगळं मी शोधायचं आणि मीच लिहायचं. नव्या शब्दांची पुरवणी निघते आहे आणि 'ग'ची कार्डं महिनाअखेरीस छापखान्यात जायची आहेत.

मनातल्या मनात देवाचे आभार मानले आणि कार्ड सुलटं केलं. शब्द होता 'गच्चीगाडी'.

देवाला थट्टा आवडते, हे आमच्या गावच्या शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

अडीच वर्षांपूर्वी शहरात खांबांवरून धावणारी रेल्वे सुरू झाली. पाट्यांवर तिचं नाव 'उन्नत रेल्वे'. आधी लोक नुसतं 'उन्नत' म्हणायचे, आता गच्चीगाडी म्हणतात. आणि आमची लेक ती गाडी चालवते.

तिच्यासाठी मी आमच्याच कचेरीत जागा बोलून ठेवली होती. खिडकीजवळचं टेबलसुद्धा हेरून ठेवलं होतं. सहा महिने मी समजत होतो की ती ग्रंथालयाच्या वर्गाला जाते. "आज काय शिकवलं?" असं विचारलं की म्हणायची, "संकेत." मी समाधानाने मान डोलवायचो. मग एके दिवशी नेमणुकीचं पत्र घेऊनच समोर उभी राहिली. मी म्हणालो, "पाय जमिनीवर टेकलेलं काम मिळेल तेव्हाच या घरात ये." आणि हिला म्हणालो, "आजपासून उन्नतचं नाव या घरात काढायचं नाही."

लेक आईवर गेली आहे. भांडली नाही, बॅग भरली. कारशेडजवळच्या कर्मचारी वसाहतीत राहते. याला अठरा महिने झाले. मी बोलणं सोडलेलं नाही. सुरुवात तिने करावी, एवढंच माझं म्हणणं आहे. तिचंही तेच असावं.

जेवताना ही म्हणाली, "आज खुशीत दिसताय."

"नवा शब्द मिळाला."

"कोणता?"

"कचेरीचं काम घरी नको," मी म्हणालो. ज्या गाडीचं नाव मीच बंद केलं, तीच मी घरी कशी आणणार?

मंगळवार, ४

नियम पुन्हा वाचून काढले. कोणत्याही शब्दाला तीन पुरावे लागतात, तिन्ही एकमेकांशी संबंध नसलेल्या माणसांकडून. आणि घरचा पुरावा चालत नाही. हा नियम पूर्वीच्या एका संपादकांमुळे आला. त्यांनी 'क'च्या खंडात आपल्या सासूबाईंचे अकरा शब्द घातले. ते शब्द त्यांच्या स्वयंपाकघराबाहेर कुणी कधी ऐकले नव्हते. सासूबाई गेल्या, आणि आता त्या अकरा शब्दांचा अर्थ सांगायला कुणीही उरलेलं नाही. तेव्हापासून घरात कुणी काहीही बोललं तरी आम्ही कार्ड काढत नाही. मला तर आता घरात फारसं ऐकूही येत नाही, अशी हिची तक्रार आहे.

डोकं दुखत होतं म्हणून साडेपाचलाच घरी आलो. एरवी मला सात वाजतात. जिन्यात ही भेटली, हातात पिवळी चादर घेऊन वर निघालेली.

"आता कपडे वाळत घालतेस? ऊन उतरलं."

"वारा असतो," ही म्हणाली. "बसा तुम्ही. गच्चीगाडी येऊन गेली की चहा टाकते."

वाट द्यायला सरकलो तेव्हा चादरीला हात लागला. खडखडीत वाळलेली होती.

वाक्य मात्र उत्तम आहे. सहज बोललेलं, ठसठशीत, अर्थ स्वच्छ. पण घरचं. नाइलाजाने सोडून दिलं.

गुरुवार, ६

आमच्या कचेरीत व्युत्पत्तीचं काम पाहणारे गृहस्थ आहेत. कोणताही शब्द दाखवा, ते त्याला दोन हजार वर्षं मागे नेऊन सोडतात. त्यामुळे आम्ही सगळे त्यांना मूळपुरुष म्हणतो. त्यांना ते ठाऊक आहे आणि आवडतंही.

"सोपं आहे," ते म्हणाले. "गच्च भरलेली गाडी ती गच्चीगाडी. लिहून टाका."

"पण लोक गच्ची म्हणतात."

"लोकांना काय कळतंय?"

"शब्द लोकांचाच आहे ना?"

"म्हणूनच तर आपल्याला पगार देतात," मूळपुरुष म्हणाले आणि डबा उघडून बसले.

मला ते पटलं नाही. गाडी इमारतींच्या गच्च्यांच्या उंचीवरून जाते, म्हणून गच्चीगाडी, हे सरळ वाटतं. तसा कच्चा मसुदा केला: 'गच्चीगाडी – घरांच्या गच्चीइतक्या उंचीवरून, खांबांवरील रुळांवर धावणारे शहरी प्रवासी वाहन.' तीनदा वाचला. अक्षर फार चांगलं आलं आहे.

सोमवार, १०

बाहेरचा पुरावा हवा म्हणून जेवणाच्या सुट्टीत रेल्वेच्या स्थानकावर गेलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच जिना चढलो. तिकीट खिडकीमागे चष्मा लावलेल्या बाई होत्या.

"गच्चीगाडी हा शब्द तुम्ही पहिल्यांदा केव्हा ऐकलात?"

"कुठलं तिकीट?"

"तिकीट नको. शब्दाबद्दल विचारतोय."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "दीडेक वर्ष झालं असेल. वळणापाशी राहणाऱ्या बायका यायच्या, गच्चीगाडीचं तिकीट द्या म्हणायच्या. तीसुद्धा एकच हवी असायची त्यांना, पाच चाळीसची. आधी मला कळायचंच नाही. आता मीही म्हणते. तुम्हाला जायचंय कुठे?"

"कुठेच नाही."

"मग बाजूला व्हा, मागे रांग आहे."

पहिला पुरावा मिळाला. ते वळण म्हणजे आमच्याच इमारतीसमोरचं. योगायोग.

फलाटावर गाडी आली तेव्हा पुढच्या काचेतून आत पाहिलं. चालक मिशीवाला होता. बरं वाटलं. बरं वाटलं असं लिहिलं खरं, पण परत येताना जिना उतरायला मला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

बुधवार, १२

दोन दिवस जुनी वर्तमानपत्रं आणि जाहिरातींचे कागद चाळले. छापलेला सर्वांत जुना वापर सोळा महिन्यांपूर्वीचा सापडला, एका शिवणकामाच्या दुकानाच्या जाहिरातीत: 'गच्चीगाडीच्या वळणासमोर, तळमजला.' हा तर आमच्याच इमारतीतला शिंपी.

त्याआधीच्या कागदांत सगळीकडे उन्नत, उन्नत, उन्नत. रेल्वे सुरू झाल्यावर पूर्ण वर्षभर लोकांचं त्या शब्दावर छान चाललं होतं. मग सोळा-अठरा महिन्यांपूर्वी असं काय घडलं, की चालता-बोलता शब्द टाकून कुणाला तरी नवा शब्द करावासा वाटला? घरी येताना वाटभर डोकं चालवलं. काही सुचलं नाही.

गुरुवार, १३

सकाळी कचेरीला जाण्याआधी शिंप्याकडे डोकावलो. माझ्या कामामुळे गल्लीत मला 'अर्थवाले' म्हणतात.

"या अर्थवाले," तो म्हणाला. ओठांत टाचण्या होत्या.

"गच्चीगाडी हा शब्द तुम्हाला कुठून मिळाला?"

त्याने एकेक टाचणी काढून उशीत खोचली. मग म्हणाला, "तुम्ही विचारताय?"

"कार्डावर लिहायचंय."

"वरून आला."

"रेल्वेच्या वरच्या कचेरीतून?"

"नाही हो. आपल्या वर."

मी हात जोडले. म्हणालो, "सगळं तिथूनच येतं. पण कार्डावर तसं लिहिता येत नाही."

पडद्याआड त्याची बायको बराच वेळ खोकत होती. तब्येत बरी नसावी.

भिंतीवर रेल्वेचा बिल्ला लावलेला राखाडी सदरा टांगला होता, बायकी मापाचा, बाह्या आखूड. आमच्या लेकीच्या बाह्याही नेहमी आखूड कराव्या लागायच्या. मी पाहतोय हे बघून शिंप्याने सदरा भिंतीकडे वळवून ठेवला. रेल्वेत आखूड हातांच्या बायका बऱ्याच असाव्यात.

सोमवार, १७

आज हिनेच विषय काढला.

"शिंपी सांगत होता. गच्चीगाडीवर काम करताय म्हणे."

मी ताटाकडे बघत हो म्हणालो.

"मग मला विचारा ना."

"तुझं चालत नाही."

"का?"

"घरचा पुरावा. नियम आहे."

"बरं," ही म्हणाली.

बावीस वर्षं मी अर्थ उतरवतो आहे. 'बरं'ला आमच्या कोशात सात अर्थ दिले आहेत. हिने जो वापरला तो त्यांत नाही.

थोड्या वेळाने भांडी आवरता आवरता ही म्हणाली, "महिना संपला की मी संध्याकाळी मोकळीच असेन."

"चांगलं आहे," मी म्हणालो. वाळलेली चादर रोज वर नेण्यात काही अर्थ नाही हे अखेर हिच्या लक्षात आलं, याचं समाधान वाटलं. ही मात्र नळ सोडून उगाच उभी राहिली होती.

शनिवार, २२

आज कचेरी अर्धा दिवस होती. मला व्याख्या पक्की करायची होती. गावच्या शाळेत गुरुजी सांगायचे, जे डोळ्यांनी पाहिलं नाहीस ते पाटीवर लिहू नकोस. तेव्हा साडेपाचला मोजपट्टी आणि वही घेऊन गच्चीवर गेलो.

तिथे ही होती, पिवळी चादर दोरीवर सरळ करत होती. शेजारी दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी, खुर्ची टाकून बसलेल्या. मला पाहताच दोघी गप्प झाल्या.

"तुम्ही इथे कशाला?" हिने विचारलं.

"मोजायला."

"मोजा," ही म्हणाली.

मी पाण्याच्या टाकीमागून कठड्याशी गेलो. तिथून रूळ नीट दिसतात. पाहिलं आणि जागच्या जागी थांबलो. रूळ आमच्या गच्चीच्या उंचीवर नाहीतच. चांगले दीड मजला खाली आहेत. पलीकडच्या इमारतींच्या गच्च्या तर आणखी वर. म्हणजे ही गाडी कुणाच्याच गच्चीच्या उंचीवरून जात नाही. माझी व्याख्या, सुवाच्य अक्षरासकट, चुकीची.

पाच चाळीसला गाडी वळणावर आली. वेग कमी झाला. समोरचा दिवा दोनदा विझला आणि लागला. मावळतीचं ऊन काचेवर पडल्याने आतलं काही दिसलं नाही. गाडी गेली.

"सांगून टाका की एकदाचं," वहिनी हिला म्हणाल्या.

"काय?" मी टाकीमागून विचारलं.

"चादर वाळली म्हणून," वहिनी म्हणाल्या.

गच्चीचा उलगडा झाला नाही, पण एक गोष्ट लक्षात आली. त्या दिव्याची जोडणी सैल आहे. हजारो माणसं त्या गाडीने जातात. पाहून गप्प बसणं हे पाप. लगेच रेल्वेच्या नावे पत्र लिहिलं: 'संध्याकाळी पाच चाळीसच्या गाडीचा पुढील दिवा वळणावर, पिवळी चादर वाळत असते त्या इमारतीसमोर, दोन वेळा बंद पडतो. कृपया तपासणी व्हावी.' खाली सही आणि पत्ता. आणि गच्चीगाडी हा शब्द मुद्दाम टाळून उन्नत रेल्वे असं लिहिलं, कारण शब्दाचा अजून निकाल लागलेला नाही.

पत्र स्वतः नेऊन पेटीत टाकलं. काहीतरी चांगलं केल्यासारखं वाटलं.

सोमवार, २४

संपादकसाहेबांना सांगितलं की उंचीचा अर्थ टिकत नाही. साहेब बोलताना मध्ये इतके थांबतात की समोरचा उत्तर देऊन बसतो.

"मग," साहेब म्हणाले, आणि थांबले.

"मूळ अनिश्चित असं लिहू का?" मी विचारलं.

"...तुम्ही सगळ्यांना विचारलंत का, असं म्हणत होतो मी."

"सगळ्यांना. घरचे सोडून."

"हं," साहेब म्हणाले.

गुरुवार, २७

घरी आलो तर दिवे लागले नव्हते. ही खुर्चीत बसली होती. समोर टेबलावर माझ्या पत्राची छायाप्रत.

"हे तुमचं अक्षर," ही म्हणाली. विचारत नव्हती.

"हो. तुला कुठे मिळालं?"

"पोरीने दिलं. तिला काल तिच्या साहेबांनी बोलावून घेतलं होतं. वळणावर दिवा का लावते-विझवते, म्हणून लेखी विचारलंय. पत्र समोर ठेवलं तर तिने अक्षर ओळखलं. म्हणाली, आई, बाबांनी तक्रार करायला दीड वर्ष थांबायला नको होतं, आधीच करायची."

मी दिवा लावला आणि पत्र पुन्हा वाचलं.

मग हिने सगळं सांगितलं. पाच चाळीसची गाडी आमची लेक चालवते. ही चादर घेऊन वर उभी राहते, म्हणजे लेकीला लांबून घर ओळखता यावं आणि आई आहे हे कळावं. ती दोनदा दिवा लावून विझवते, म्हणजे ठीक आहे, जेवले आहे, काळजी नको. घरात येत नाही, कारण मी येऊ नको म्हणालो. पण मी घर म्हणालो होतो, इमारत नव्हे. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी शिंप्याच्या दुकानापर्यंत येते आणि ही खाली जाते. त्या आखूड बाह्यांचा सदरा तिचाच. सगळ्या इमारतीला ठाऊक आहे.

"आणि शब्द?" मी विचारलं. त्या वेळी हे विचारायला नको होतं, पण विचारलं.

"उन्नतचं नाव काढायचं नाही म्हणालात ना? मग रोज वर जाताना शेजारणींना काय सांगायचं? गच्चीवर जायला लावते ती गच्चीगाडी. तेवढी एकच गाडी होती ती. पुढे बायका सगळ्याच गाड्यांना म्हणायला लागल्या. शिंप्याने तर छापूनच टाकलं."

"मला सांगायचं नाही का?"

"तुमच्यासमोर रोज म्हणत होते. दीड वर्ष." मग अगदी शांतपणे म्हणाली, "माझं चालत नाही ना?"

आणखी एक गोष्ट होती. दुसऱ्या गावी अशीच नवी रेल्वे सुरू होते आहे. तिथल्या नव्या चालकांना शिकवायला एक तारखेपासून लेकीची नेमणूक झाली होती. एवढ्या चालकांतून तिची निवड झाली होती. माझ्या पत्रामुळे ती आता अडकली आहे.

देवासमोर बराच वेळ बसलो. मागायचं काय, ते मात्र सुचत नव्हतं. अक्षर सुंदर दिल्याबद्दल मी रोज आभार मानतो, तेवढे आज मानले नाहीत.

शुक्रवार, २८

रजा टाकून कारशेडच्या कचेरीत गेलो. अधिकारी तरुण होते, टेबल स्वच्छ.

"दिवा सैल नाही," मी सांगितलं. "त्या गच्चीवर चालकाची आई उभी असते. तिच्यासाठी ती दिवा दाखवते. वेग वळणावर कमी करावाच लागतो, ते मी स्वतः पाहिलंय. कुणाला धोका नाही."

"तुम्ही कोण?"

"तक्रारदार."

"ते कळलं. आणि चालकाचे?"

"वडील."

त्यांनी लेखणी खाली ठेवली. "काका, घरच्या माणसाचं म्हणणं मी कसं धरायचं? उद्या कुणीही येईल."

बावीस वर्षांत मी हेच वाक्य किती जणांना ऐकवलं असेल. समोरून ऐकायला ते फार वेगळं लागतं.

मी म्हणालो, "धरू नका. दिवा तपासा. गाडीच्या वेळा तपासा. अठरा महिन्यांत पाच चाळीसची गाडी त्या वळणावर किती वेळा उशिरा आली, तेवढं पाहा."

त्यांनी वही मागवली. बराच वेळ पानं उलटली. मी भिंतीवरची उन्नत रेल्वेची पाटी वाचत बसलो. शेवटी ते म्हणाले, "एकदाही नाही. पण दिवा हा खेळ नाही. तिला समज द्यावीच लागेल."

"द्या. मलाही द्या."

ते हसले नाहीत, पण खुर्चीत जरा सैल बसले. "तक्रार मागे घेताय? मग इथे कारण लिहा."

कागद पुढे आला. लिहिलं: 'तक्रारदारास शब्दाचा अर्थ माहीत नव्हता.'

"कुठला शब्द?" त्यांनी विचारलं.

मी सांगितला, मुळासकट. त्यांनी शेरा लिहिला: 'गच्चीगाडीबाबतची तक्रार निकाली. दिवा सुस्थितीत. चालकाची नेमणूक कायम. वळणावरील दिवा-तपासणीस हरकत नाही.' शिक्का मारला.

"माझी आई रुळापासून लांब राहते," ते म्हणाले. "नाहीतर तुम्हाला आज दोन तक्रारी मागे घ्याव्या लागल्या असत्या."

सोमवार, ३१

कार्ड आज द्यायचं होतं. दिलं नाही. खिशात घालून चारलाच निघालो आणि आमच्या आधीच्या स्थानकावरून पाच चाळीसच्या गाडीत पहिल्या डब्यात बसलो. या गाडीवरचा तिचा आज शेवटचा दिवस. पलीकडे लाकडी दार, दारामागे लेक. मधे एक फळी.

वळण आलं. मी वर पाहिलं. खालून आमची गच्ची फार उंच दिसते. पिवळी चादर, आणि चादरीपुढे ही, मान पुढे काढून उभी. मला तिने पाहिलं नाही, तिची नजर पुढच्या काचेवर होती. दिवा लागला-विझला तेव्हा डब्यातून कळलं नाही. हिच्या चेहऱ्यावरून कळलं. दीड वर्ष रोज सात वाजता मी हा चेहरा पाहत आलो. पाच चाळीसला तो कसा असतो, ते आज पाहिलं.

शेवटच्या स्थानकावर चालकाला उतरून गाडीच्या दुसऱ्या टोकाला जावं लागतं. परतीची गाडी तिथून निघते. दार उघडलं, लेक पिशवी खांद्याला लावून बाहेर आली आणि मला पाहून थांबली. वाळली आहे. की माझ्या डोळ्यांना तसं वाटतं?

"तिकीट काढलंत?" तिने विचारलं.

"काढलं."

"दाखवा."

दाखवलं. तिने उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं. "चला मग. चार मिनिटांत त्या टोकाला पोहोचायचंय. बोलायचं ते चालता चालता बोला."

सहा डबे होते. पहिला डबा तसाच गेला. दुसऱ्याशी मी खिशातून कार्ड काढून दिलं. तिने चालता चालता वाचलं.

"'शहरी प्रवासी वाहन' कापा. कोण म्हणतं असं?"

"संपादकसाहेबांना आवडतं."

"ते बसलेत कधी गाडीत?" तिने वरच्या खिशातून लेखणी काढून स्वतःच कापलं, वर 'गाडी' लिहिलं. अक्षर माझ्यासारखं आहे. हे मला ठाऊक होतं, पण विसरलो होतो.

"तो दिवा..." मी सुरुवात केली.

"दिवा मी तपासते. साहेबांची लेखी परवानगी आहे." मग जरा थांबून, "तुम्ही गेला होतात म्हणे."

"हो."

तिसरा डबा. चौथा.

"मी तेव्हा म्हणालो होतो ना," मी म्हणालो, "पाय जमिनीवर टेकलेलं काम."

तिने खाली आपल्या बुटांकडे पाहिलं. "टेकलेत की. चांगले टेकलेत. तुम्हीच वर बघत होता."

"ते मागे घ्यायचंय. पण मागे घेताना कारण लिहावं लागतं, असं तुमच्या कचेरीत कळलं."

"लिहा ना."

"वेळ किती आहे?"

"दोन डबे."

दोन डब्यांत मावेल असं काही मला सुचलं नाही. म्हणालो, "खिडकीजवळचं टेबल ठेवलं होतं तुझ्यासाठी."

"माझ्या टेबलालाही खिडकी आहे, बाबा. तुमच्या कचेरीपेक्षा मोठी." ती दुसऱ्या टोकाच्या दाराशी पोहोचली होती. किल्ली लावली.

"रविवारी घरी ये."

"दुकानापर्यंत?"

"वरपर्यंत. आमच्या दारापर्यंत. आतपर्यंत."

"बरं," ती म्हणाली.

हे आईचंच 'बरं'. पण त्याचा आणखी एक अर्थ निघाला.

मंगळवार, १

एक दिवस उशिरा कार्ड दिलं. संपादकसाहेबांनी चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचलं: "'गच्चीगाडी. एक, मूळ अर्थ: जिच्यासाठी गच्चीवर जाऊन उभं राहायचं ती ठरावीक गाडी. दोन, विस्ताराने: खांबांवरील रुळांवरून धावणारी कोणतीही गाडी. मूळ: एका घरात रेल्वेचे रूढ नाव काढण्यास बंदी झाल्याने त्या घरच्या बाईने केलेला शब्द.'"

ते थांबले. या वेळी मी मध्ये बोललो नाही.

"पुरावा घरचा आहे," ते म्हणाले.

"पहिला घरचा. पुढचे तीन बाहेरचे. तिकीट खिडकी, शिंप्याची जाहिरात, रेल्वेच्या अधिकाऱ्यांचा शिक्क्यासह शेरा."

"बंदी कुणाच्या घरात, ते लिहिलं नाहीत."

"जागा पुरली नाही."

मूळपुरुष पलीकडून म्हणाले, "गच्च लिहिलं असतंत तर पुरली असती." साहेबांनी कार्डावर सही केली.

आज मी पाचलाच निघालो. घरी येऊन पिवळी चादर घेतली आणि जिना चढू लागलो. ही मागून म्हणाली, "अहो, ती आज नाही त्या गाडीवर. सकाळीच गेली त्या नव्या गावी."

"ठाऊक आहे."

"मग?"

"शब्दाचा दुसरा अर्थ तपासायचाय. कोणतीही गाडी."

ही चहाचं आधण उतरवून ठेवून माझ्या मागून वर आली.

आम्ही दोघांनी दोन टोकं धरून चादर दोरीवर घातली. माझी बाजू वाकडी झाली होती, ती हिने सरळ केली. पाच चाळीसला गाडी वळणावर आली. आज ऊन काचेवर नव्हतं, आतला माणूस स्वच्छ दिसला. तोच मिशीवाला. त्याने चादरीकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि दिवा दोनदा विझवून लावला.

"पोरीने सांगून ठेवलं असेल," ही पदराने डोळे टिपत म्हणाली.

असेल. पण हा पुरावा घरचा नव्हे. या माणसाला मी ओळखत नाही.